वादळातला वारा कसा मोजतात?

मुलांनो, एस.टी. हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज बारीक लागतो, पुढे गेली की जाड होतो. त्याचा नियम डॉपलर या शास्त्रज्ञाने १८४२ साली सांगितला. त्याच नियमाने अमेरिकेत चक्रीवादळाचा वारा मोजतात. रडार विमानाच्या शेपटीत बसवतात आणि विमान थेट वादळात नेतात!

वारा दिसत नाही, पण पावसाचे थेंब त्याच्याबरोबर पळतात. रडारच्या लहरी थेंबांवर आपटून परत येतात. थेंब किती वेगाने जवळ येतात की लांब जातात, एवढेच त्यावरून कळते. आडवे पळाले तर कळतच नाही. म्हणून रडार एकदा तिरके पुढे, एकदा तिरके मागे बघते. दोन्ही जोडून वाऱ्याची खरी दिशा निघते.

एवढे धाडस कशाला? तर वारा आधी कळला की किनाऱ्यावरची गावे वेळेवर रिकामी करता येतात. १९८९ साली ह्यूगो वादळात अशा एका विमानाच्या चार इंजिनांतले एक बंद पडले, पण सगळी माणसे सुखरूप परत आली.