२५ टक्क्यांवरच फोन बंद का पडतो?

प्रश्न : ई-पीक पाहणीसाठी शेतात गेलो, की फोटो काढतानाच फोन बंद पडतो. तेव्हा चार्जिंग २५ टक्के असते. घरी हाच फोन १० टक्क्यांवरही चालतो. दुकानदार म्हणतो, दर आठवड्याला बॅटरी झिरो करून फुल करा, कॅलिब्रेशन होईल. करू का?
— एक वाचक, वालूर (ता. सेलू, जि. परभणी)

उत्तर : दर आठवड्याला तर मुळीच नको. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. तुमच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे. सोनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली. ती सारखी तळापर्यंत उतरवली, तर उलट लवकर झिजते.

स्क्रीनवरचे टक्के हा अंदाज असतो. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, याचा हिशेब एक चिप ठेवते आणि तो व्होल्टेजशी ताडून पाहते. भरलेल्या सेलचे व्होल्टेज ४.२ च्या आसपास, रिकाम्याचे साधारण ३. मधल्या टप्प्यात ते फारसे हलत नाही, त्यामुळे हिशेबातली चूक साचत जाते. एकदा पूर्ण उतरवून सलग पूर्ण भरली, की दोन्ही टोके चिपला पुन्हा सापडतात. कॅलिब्रेशन म्हणतात ते एवढेच. त्याने आकडा सुधारतो. झिजलेली बॅटरी तशीच राहते.

तुमचे दुखणे वेगळे दिसते, आणि त्याची खूण तुम्हीच दिली आहे : घरी चालतो, शेतात बंद पडतो. शेतात कॅमेरा आणि जीपीएस एकदम चालू असतात. त्यात रेंज कमी असली, की टॉवर गाठायला फोन जास्त ताकद लावतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एवढा करंट एकदम ओढला की तिचे व्होल्टेज धाडकन खाली येते आणि फोन बंद होतो. चार्जर न लावता सावलीत तो पुन्हा चालू करून पाहा. टक्के जवळपास तेवढेच दिसले, तर बॅटरी थकली असे समजा.

एकदा कॅलिब्रेशन करून बघायला हरकत नाही. तरीही बंद पडला, तर बॅटरी बदला. तोवर पाहणीला निघताना चार्जिंग भरपूर असू द्या.

नव्या बॅटरीला मात्र परभणीच्या उन्हापासून जपा. मे महिन्यात ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलच्या होल्डरमध्ये फोन तापत ठेवणे आणि तापलेलाच चार्जिंगला लावणे, याने बॅटरीचे आयुष्य सर्वांत जास्त घटते. फोनची पाठ उचलल्यासारखी दिसली, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबून बसवू नका, थेट दुरुस्तीला न्या.