कातड्यावर लिहिलेलें शुभवर्तमान

मोठ्या शहरांतील संग्रहालयांत पूर्वकाळच्या वस्तु जपून ठेविलेल्या असतात. राजांच्या तरवारी, नाणीं, भांडीं, मूर्ति आणि हस्तलिखित ग्रंथ. खेड्यांतील आपल्या लोकांस तीं पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि आला तरी काचेपलीकडील वस्तूशीं आपला कांहीं संबंध आहे असें सहसा वाटत नाहीं. म्हणून आज आम्ही अशा एका ग्रंथाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. हा ग्रंथ लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत असून त्यास ‘लिंडिस्फार्नचीं शुभवर्तमानें’ असें म्हणतात. मत्तय, मार्क, लूक व योहान ह्यांचीं चारही शुभवर्तमानें त्यांत लॅटिन भाषेंत हातानें लिहिलेलीं आहेत. त्याचें वय सुमारें तेराशें वर्षें आहे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिस्फार्न हें लहानसें बेट आहे. ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें. भरती आली म्हणजे वाट पाण्याखालीं जाते. इ. स. ६३५ च्या सुमारास ओस्वाल्ड राजाच्या बोलावण्यावरून एडन नांवाचा प्रचारक आयोना बेटावरून आला व त्यानें येथें मठ स्थापिला. एडनला त्या लोकांची भाषा नीट येत नसे. म्हणून तो उपदेश करी तेव्हां स्वतः राजा त्याच्या बोलण्याचा अर्थ आपल्या सरदारांस समजावून सांगे, असें बीड ह्या प्राचीन इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. राजानें दुभाष्याचें काम करण्यांत कमीपणा मानिला नाहीं, ही गोष्ट आमच्या उपदेशकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ह्याच मठांत पुढें कथबर्ट नांवाचा भक्तिमान बिशप होऊन गेला. तो ६८७ सालीं मरण पावला. देवाच्या गौरवार्थ व कथबर्टच्या स्मरणार्थ हा ग्रंथ ईडफ्रिथ ह्यानें लिहिला, असें ग्रंथाच्या शेवटीं पुढील काळीं जोडलेल्या टिपणांत म्हटलें आहे. ईडफ्रिथ ६९८ पासून ७२१ पर्यंत तेथें बिशप होता.

त्या काळीं इंग्लंडांत कागद नव्हता. ग्रंथ वासरांच्या कातड्यावर लिहीत. कातडें चुन्याच्या पाण्यांत भिजत घालावें, केस व मांस खरवडून काढावें, मग तें लांकडी चौकटीवर ताणून वाळवावें, आणि पुनः घासून घासून गुळगुळीत करावें, अशी ती रीति होती. ह्या एका ग्रंथासाठीं सुमारें दीडशें कातडीं लागलीं असावींत, असा जाणत्यांचा अंदाज आहे. कारण त्यांत अडीचशेंहून अधिक पत्रें आहेत.

अक्षरांइतकीच त्यांतील नक्षीहि प्रसिद्ध आहे. प्रत्येक शुभवर्तमानाच्या आरंभीं तें लिहिणाऱ्याचें चित्र आहे. नंतर एक पान क्रूसाच्या आकृतीनें गालिच्याप्रमाणें विणल्यासारखें भरलेलें आहे. आणि त्यापुढें मजकुराचें पहिलें अक्षर पानभर मोठें काढिलें आहे. एकमेकांत गुंतलेले पक्षी व पशु, वेलीसारख्या पट्ट्या आणि हजारों तांबडे ठिपके ह्यांनीं तीं पानें सजविलीं आहेत. कर्कटकाच्या टोकांचीं भोंकें अजूनहि त्यांवर दिसतात. त्यांतील निळा रंग दूर देशाहून आणिलेल्या मोलवान दगडाचा असावा, अशी पुष्कळ वर्षें समजूत होती. अलीकडील शास्त्रीय तपासणींत तो निळीच्या जातीचा, वनस्पतीपासून केलेला रंग ठरला. देवाच्या सेवेकरितां दूरची संपत्तिच पाहिजे असें नाहीं. जवळच्या शेतांतील झाडपाला कुशल हातीं आला म्हणजे पुरे होतो. बसालेल ह्यास कारागिरीसाठींच देवाचा आत्मा दिला होता, हें निर्गमाच्या ३१ व्या अध्यायांत आपण वाचितोंच.

तथापि येथें एक विचार उत्पन्न होतो. ग्रंथ सुंदर होता खरा. पण गांवच्या शेतकऱ्यास लॅटिन कोठून कळणार? त्याच्या दृष्टीनें तें वचन बंद पेटींतील धनासारखेंच होतें. ७९३ सालीं समुद्रावरून आलेल्या लुटारूंनीं मठावर हल्ला केला. ८७५ सालीं मठवासी कथबर्टची शवपेटी घेऊन बेट सोडून निघाले, आणि पुढें चेस्टर-ले-स्ट्रीट ह्या गांवीं स्थायिक झाले. तेथें दहाव्या शतकांत आल्ड्रेड नांवाच्या याजकानें लॅटिन ओळींच्या मधल्या जागेंत प्रत्येक शब्दावर त्याचा अर्थ लोकांच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी, भाषेंत बारीक अक्षरांनीं लिहिला. चारही शुभवर्तमानांचें इंग्रजींतील भाषांतर म्हणून आज जें उपलब्ध आहे, त्यांत हेंच सर्वांत जुनें होय. हें काम एज्राच्या वेळच्या लेव्यांसारखेंच आहे. त्यांनींहि शास्त्र नुसतें वाचलें नाहीं, तर लोकांस त्याचा उलगडा करून दाखविला (नहेम्या, अध्याय ८). ईडफ्रिथच्या रेखीव पानावर आल्ड्रेडचीं तीं लहान अक्षरें दिसण्यांत तितकीं सुंदर नाहींत. पण आम्हांस विचाराल तर त्या ग्रंथाचा खरा दागिना तींच आहेत.

आतां त्या टिपणाकडे पुनः वळूं. तें आल्ड्रेडनेंच लिहिलें असून त्यांत चार नांवें आहेत. ईडफ्रिथनें लिहिलें, एथिलवल्डनें बांधणी केली, बिलफ्रिथनें सोनें, चांदी व रत्नें ह्यांनीं बाहेरील आवरण मढविलें, आणि आल्ड्रेडनें अर्थ लिहिला. आल्ड्रेड स्वतःस अपात्र व अति दीन याजक म्हणवितो, आणि आपण एका चांगल्या स्त्रीचा पुत्र आहों असें अभिमानानें सांगतो. परंतु ज्यांनीं तीं दीडशें कातडीं चुन्यांत भिजविलीं, खरवडलीं व ताणलीं, त्यांचें नांव कोठेंहि नाहीं. त्यांचे हात नसते तर ईडफ्रिथच्या लेखणीला टेकावयास जागा मिळाली नसती.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपणांस जिव्हारीं लागण्यासारखी आहे. आपल्या देशांत गुरांचें कातडें सोलणाऱ्या व कमावणाऱ्या हातांचा शतकानुशतकें विटाळ मानिला गेला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या संविधानानें अस्पृश्यता रद्द केली. परंतु मनांतला विटाळ एका कलमानें धुतला जात नाहीं. आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबें त्याच धंद्यांतून आलेलीं आहेत, आणि वाडवडिलांच्या कामाचें नांव निघालें म्हणजे त्यांचीं मुलें मान खालीं घालितात. इतकेंच नव्हे, तर प्रभुभोजनास एकत्र येऊन घरीं गेल्यावर पंक्तीचा व सोयरिकीचा भेद पाळणारे आपल्यांतहि आहेत. अशांस आम्ही विचारितों: ज्या कातड्यावर प्रभूचें नांव लिहिलें गेलें, तें तयार करणारा हात अशुद्ध कसा? पेत्र यापो येथें शिमोन चांभाराच्या घरीं पुष्कळ दिवस राहिला, आणि त्याच घराच्या धाब्यावर देवानें त्यास भेदभाव टाकण्याचा धडा दिला (प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ९ व १०). जें पेत्रास शिकावें लागलें, तें आपणांस शिकण्याची लाज वाटूं नये.

ग्रंथाचें पुढें काय झालें? बिलफ्रिथनें मढविलेलें रत्नजडित आवरण केव्हांच नाहींसें झालें. हल्लींचें आवरण एकोणिसाव्या शतकांतील आहे. सोनें गेलें, कातडें राहिलें, आणि कातड्यावरील वचनहि राहिलें. सतराव्या शतकांत तो सर रॉबर्ट कॉटन ह्यांच्या संग्रहांत आला, १७५३ सालीं स्थापन झालेल्या ब्रिटिश म्यूझियमकडे त्या संग्रहाबरोबर गेला, आणि १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या स्वाधीन आहे.

आल्ड्रेडचें काम आपल्या भाषेंतहि झालें आहे. विल्यम केरी ह्यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यांतून मराठी नवा करार १८११ सालीं बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून साध्या मराठींत सर्व पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. त्या १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या, आणि तें १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. केडगांवच्या मुक्ति मिशनांतील स्त्रियांनीं त्याचे खिळे जुळविले व छपाई केली. त्यांचींहि नांवें पुस्तकांत शोधून सांपडणार नाहींत.

आतां आपल्या घराकडे पाहूं. पुष्कळ घरीं पवित्र शास्त्र स्वच्छ रुमालांत बांधून पेटींत ठेविलेलें असतें. तें आदरानेंच ठेविलेलें असतें, हें आम्ही जाणतों. पण लंडनचा ग्रंथ फार जुना असल्यामुळें काचेआड आहे. आपला ग्रंथ कशामुळें? ज्यास वाचतां येतें त्यानें तो रोज संध्याकाळीं उघडावा, आणि ज्यास येत नाहीं त्याच्या शेजारीं बसून, आल्ड्रेडप्रमाणें, एकेका शब्दाचा अर्थ सांगावा.

ह्या आठवड्याच्या सभेंत उपदेशकांनीं मंडळीस तीन प्रश्न विचारावे. आपल्या मंडळींत ज्यांचें काम दिसतें पण नांव घेतलें जात नाहीं, असे कोण आहेत? आपल्यापैकीं कोणाच्या हातचें पाणी अजून कोणास चालत नाहीं? आणि आपल्या आळींत असें कोणतें घर आहे, कीं जेथें शास्त्र आहे पण वाचून दाखविणारा नाहीं? उत्तरें मिळालीं म्हणजे तेथेंच थांबूं नये. त्याच संध्याकाळीं त्या घरीं जावें.