सत्तर वस्तीचे वेलेरा आणि कँटनची सीमा

स्वित्झर्लंडच्या वायव्येस, देलेमोंच्या खोऱ्यालगतच्या डोंगरउतारावर वेलेरा हे फ्रेंच भाषिक खेडे वसले आहे. त्याची लोकवस्ती सत्तरच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीस वाडी म्हटले जाईल आणि तिचा कारभार एखाद्या गटग्रामपंचायतीकडे असेल. वेलेरा मात्र दीर्घकाळ स्वतंत्र कम्यून होते. कम्यून ही त्या देशातील सर्वांत खालच्या पातळीवरील स्वराज्य संस्था होय. लहान कम्यूनमध्ये निवडून दिलेल्या कार्यकारी मंडळाबरोबरच सर्व मतदारांची सभा असते. अंदाजपत्रक, कराचा दर आणि गावाचे नियम ही सभाच मंजूर करते. आपल्या ग्रामसभेशी तिचे साम्य उघड आहे. अधिकार मात्र बरेच अधिक.

या एवढ्याशा गावाच्या मागणीवर १० मार्च १९९६ रोजी साऱ्या देशाने मतदान केले. बर्न कँटनमधून निघून शेजारच्या ज्युरा कँटनमध्ये सामील व्हावे, ही ती मागणी. तिच्यासंबंधी गावात फारसे दुमत नव्हते. तरीही ती पुरी होण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. हा विलंब कशामुळे झाला, हे सीमा आखणाऱ्या कोणत्याही प्रशासनाने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे.

वादाची मुळे

कँटन म्हणजे स्वित्झर्लंडच्या संघराज्यातील घटकराज्य. १८१५ साली व्हिएन्ना येथील परिषदेत युरोपचा नकाशा नव्याने आखला गेला, तेव्हा बाझलच्या बिशपच्या पूर्वीच्या राज्यातील ज्युरा प्रदेश बर्नच्या पदरात टाकण्यात आला. बर्न जर्मन भाषिक व प्रॉटेस्टंट, तर ज्युरा बहुतांशी फ्रेंच भाषिक. त्यातही उत्तर भाग कॅथॉलिक आणि दक्षिण भाग प्रॉटेस्टंट. असंतोष अधूनमधून उफाळून येई. १९४७ मध्ये बर्नच्या विधिमंडळाने जॉर्ज मॉक्ली या ज्युरावासी मंत्र्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते सोपविण्यास नकार दिला. एवढे महत्त्वाचे खाते फ्रेंच भाषिकाच्या हाती नको, हे त्यामागील कारण. स्वतंत्र कँटनच्या चळवळीला तेथून संघटित रूप आले.

हा निव्वळ भाषेचा तंटा होता असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. पुढे मतदानाची वेळ आली तेव्हा दक्षिणेकडील फ्रेंच भाषिक जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहणे पसंत केले. धर्म, जुने लागेबांधे आणि आर्थिक हितसंबंध यांचे पारडे तेथे भाषेहून जड ठरले.

तीन पायऱ्यांचे मतदान

१९७० मध्ये बर्नच्या घटनेत दुरुस्ती करून या प्रश्नासाठी तीन पायऱ्यांची पद्धत ठरविण्यात आली. प्रथम ज्युराच्या सातही जिल्ह्यांनी एकत्र मत द्यावयाचे. त्यानंतर, ज्या जिल्ह्याचा कौल एकूण निकालाच्या विरुद्ध जाईल, त्या जिल्ह्यातील एकपंचमांश मतदारांनी मागणी केल्यास तेथे पुन्हा मतदान घ्यावयाचे. शेवटी, नव्या सीमेला लागून असलेल्या कम्यूनला तशाच मागणीवरून आपली बाजू निवडता यावी, अशी तरतूद होती. जिल्ह्याच्या बहुमताखाली गावाचे मत दडपले जाऊ नये, हा तिचा हेतू.

२३ जून १९७४ रोजी पहिली पायरी पार पडली. नव्या कँटनच्या बाजूने ३६,८०२ आणि विरुद्ध ३४,०५७ मते पडली. १६ मार्च १९७५ रोजी मुतियेसह दक्षिणेच्या तीन जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहण्याचा कौल दिला. वेलेरा मुतिये जिल्ह्यात मोडत होते. त्याला आता तिसऱ्या पायरीचाच आधार उरला.

नेमकी तेथेच अडचण उभी राहिली. मार्च १९७५ मध्ये जी सीमा ठरली, तिला वेलेराची हद्द कोठेही भिडत नव्हती. मध्ये कुरांदलँ हे कम्यून होते. सलगता नाही, म्हणून वेलेराला मतदानाचा हक्क नाही. सप्टेंबर १९७५ मध्ये कुरांदलँने ज्युराच्या बाजूने मत दिले आणि वेलेरा आपोआप नव्या सीमेवर आले. परंतु नियमात चौथी पायरी नव्हती. शेजाऱ्याच्या निर्णयामुळे ज्याला सीमा लाभली, त्या गावाचे काय करावे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलाच नव्हता.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नामुळे ‘खेडे हा घटक’ आणि ‘भौगोलिक सलगता’ या संज्ञा मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. गावागणिक निर्णय घ्यावयाचा, तर तो कोणत्या क्रमाने घेतला जातो यावरही सलगता अवलंबून राहते, हे वेलेराच्या उदाहरणात स्पष्ट दिसते.

उलट बाजूचे उदाहरणही तेथेच सापडते. एडर्सविलर हे जर्मन भाषिक खेडे सलगतेच्याच अटीमुळे ज्युरात अडकले. दोन्ही गावांची अदलाबदल करावी, अशी सूचना पुढे आली. पण ती फलद्रूप झाली नाही. गावे म्हणजे काही मोहरे नव्हेत. एकाचा हक्क दुसऱ्याच्या सोयीवर टांगून ठेवणे न्यायाचेही नव्हते.

‘स्वतंत्र कम्यून’

२४ सप्टेंबर १९७८ रोजी स्विस मतदारांनी ज्युरा कँटनला मोठ्या बहुमताने मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७९ पासून ते अस्तित्वात आले. वेलेरा मात्र बर्नमध्येच राहिले. अखेर १९८२ मध्ये गावाने स्वतःला ‘स्वतंत्र कम्यून’ घोषित केले. बर्नचा अधिकार आपण मानीत नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने या घोषणेला काहीच किंमत नव्हती. पण सत्तर लोकांच्या गावाने केलेली ही कृती देशभर चर्चिली गेली व प्रश्न विस्मृतीत जाऊ शकला नाही.

तोडगा निघण्यास १९९६ साल उजाडले. कँटनच्या प्रदेशात बदल करावयाचा तर जनता व कँटने या दोहोंची संमती आवश्यक, असा तेव्हाचा संघीय नियम होता. त्यामुळे जिनिव्हापासून झुरिकपर्यंतच्या मतदारांना या डोंगरगावाविषयी मत द्यावे लागले. दहांपैकी नऊहून अधिक मतदारांनी होकार दिला आणि १ जुलै १९९६ रोजी वेलेरा ज्युरात समाविष्ट झाले. १९९९ च्या नव्या राज्यघटनेने ही पद्धत सुटसुटीत केली. संबंधित लोक, संबंधित कँटने आणि संघीय संसद यांची मान्यता आता पुरेशी आहे. २८ मार्च २०२१ रोजी मुतिये शहरानेही ज्युराच्या बाजूने कौल दिला, तेव्हा राष्ट्रीय मतदानाची गरज पडली नाही.

वेलेराचे स्वतंत्र कम्यून आता उरलेले नाही. वस्ती तुटपुंजी आणि कारभाराचा व्याप वाढता, ही स्वित्झर्लंडमधील अनेक लहान कम्यूनची अडचण आहे. तिच्यापायी गेल्या काही दशकांत तेथे शेकडो विलीनीकरणे झाली. १ जानेवारी २०१९ पासून वेलेरा शेजारच्या कम्यूनमध्ये विलीन झाले. हे शेजारचे कम्यून म्हणजे ज्याची हद्द १९७५ मध्ये त्याच्या आड आली होती, तेच कुरांदलँ.