पाटीवरचा एचपी आणि मे महिन्यातला एचपी

यावल, फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात एप्रिल उजाडला की पंपाच्या आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानांवर एकच तक्रार येऊ लागते. "मोटार तीच, बोअर तोच, पाणी मात्र निम्मे." मे महिन्यात त्याच मोटारी जळून गाडीवर येतात. मग भांडण जुंपते. शेतकरी म्हणतो, दुकानदाराने हलका माल दिला. दुकानदार म्हणतो, वाइंडरने तार हलकी भरली. वाइंडर म्हणतो, लाइनमध्ये व्होल्टेजच नाही. गंमत अशी की या तिघांपैकी एकही खोटे बोलत नसेल, तरी मोटार जळू शकते.

आपल्या वाचकांपैकी अनेक जण पंपविक्री, वाइंडिंग, जनरेटर दुरुस्ती आणि केळीच्या व्यापारात आहेत. त्यांच्यासाठी आम्ही हा विषय जरा हिशेबाने मांडत आहोत. यंत्र चांगले की वाईट, एवढाच प्रश्न नसतो. ते कोणत्या परिस्थितीत चालते आहे, हाही तितकाच मोठा प्रश्न असतो.

पाटी म्हणजे अटींसह करार

मोटारीवर जी पाटी ठोकलेली असते तिच्यावर एचपी, व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि पंप असेल तर हेड व डिस्चार्ज लिहिलेले असते. हे आकडे खरे असतात, पण अटींसह. व्होल्टेज ४१५, फ्रिक्वेन्सी ५०, तिन्ही फेज सारखे. बाहेर जमिनीवर बसणाऱ्या मोटारीसाठी भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत. यातली एक अट मोडली की पाटीवरचा आकडा बदलतो आणि दोन-तीन अटी एकदम मोडल्या की पाटीला अर्थ उरत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तो आणखी चढतो. म्हणजे पिठाच्या गिरणीची किंवा तेलघाण्याची मोटार आपल्याकडे वर्षातले काही आठवडे अटीबाहेरच चालते. ५० अंशांच्या हवेत अशा मोटारीकडून तिच्या ताकदीच्या सुमारे ९० टक्केच काम घ्यावे, असे उत्पादकांचे तक्ते सांगतात. ते कोणी वाचत नाही, ही वेगळी गोष्ट.

पाणी खाली गेले की काय होते?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला यावल-रावेरचा गाळाचा पट्टा पूर्वी पाण्याने भरलेला होता. विहिरीवर सेंट्रिफ्युगल पंप बसवून केळी होत असे. हा पंप पाणी स्वतः ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे पाण्याला वर ढकलते ती बाहेरच्या हवेची दाबशक्ती. ती कागदावर सुमारे १० मीटर पाणी उचलते, प्रत्यक्षात ६-७ मीटर. म्हणून पाणी उतरले तसे लोकांनी विहिरीत कट्टे बांधून पंप खाली खाली नेले. शेवटी विहिरी सुटल्या आणि बोअर व सबमर्सिबल आले. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत यावल आणि रावेर हे तालुके अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले. तापी मेगा रिचार्ज योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी भोपाळला झाला, तो याच दुखण्यावर. योजना होईल तेव्हा होईल, पंप मात्र आज चालवायचा आहे.

आता हिशेब पाहू. पाण्याला लागणारी ताकद काढायची रीत सोपी आहे. सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटर उंची, भागिले ७५, म्हणजे एचपी. समजा पंप ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फुटांवरून सेकंदाला ५ लिटर पाणी देतो. झाले ४ एचपी. पंप आणि मोटार मिळून निम्मी ताकद वाया जाते असे धरले, तर लाइनमधून ८ एचपी ओढावे लागतात. उन्हाळ्यात पाणी ७५ मीटरवर, म्हणजे सुमारे २४५ फुटांवर गेले. पंपाचा स्वभाव असा की उंची वाढली की तो पाणी कमी करतो. आता तो सेकंदाला ३.३३ लिटर देतो असे धरू.

हे शेतावर कसे दिसते? २०० लिटरचा ड्रम आधी ४० सेकंदांत भरत होता, आता ६० सेकंद लागतात. फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. पण ८ तासांच्या पाळीत आधी १ लाख ४४ हजार लिटर पाणी निघत होते, आता ९६ हजार. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीची एकरी सुमारे १७४० झाडे बसतात. मे महिन्यात ठिबकने झाडाला रोज २२ लिटर धरले तर एकराला ३८ हजार लिटर लागतात. म्हणजे पहिल्या पाण्यावर पावणेचार एकर बाग निभावत होती, दुसऱ्या पाण्यावर अडीच एकर. सव्वा एकरातली दोन हजारांवर झाडे, आणि तीही घड लागलेली असली तर, कर्ज काढून लावलेल्या माणसाचे काय होते ते केळीच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. एवढे नुकसान होऊनही पंप नादुरुस्त नाही! तो खोलून दुरुस्तीचे पैसे घेणारा कारागीर गिऱ्हाइकाचे नुकसानच करतो.

म्हणून पंप विकताना "किती एचपी पाहिजे?" हा पहिला प्रश्न असू नये. पहिला प्रश्न असा असावा की मे अखेर तुमचे पाणी किती फुटांवर जाते? पंपाचे टप्पे, ज्याला आपल्याकडे स्टेज म्हणतात, ते त्यावरून ठरवावेत.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. खूप खोल पाण्यासाठी घेतलेला पंप चांगल्या पावसानंतर, पाणी वर आले असताना, उलट जास्त पाणी फेकतो आणि बहुतेक पंपांत त्याबरोबर अँपिअरही वाढतात. पाणी भरपूर असताना ऑक्टोबरात मोटार का तापली, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. अशा वेळी वरचा वॉल्व्ह थोडा दाबून अँपिअर पाटीवरच्या आकड्याच्या आत आणावेत.

व्होल्टेजचा वर्ग

वर्ग म्हणजे गणितातला वर्ग. मोटारीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. ४१५ ऐवजी ३५० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज १६ टक्क्यांनी कमी झाले असे वाटते, पण सुरू होतानाची ताकद ७१ टक्क्यांवर येते. ३२० व्होल्टला ती ६० टक्क्यांच्याही खाली जाते आणि मोटार घुंघुं करत जागीच थांबते. सुरू झालीच, तर पाणी तेवढेच उचलायचे असल्यामुळे ती करंट जास्त ओढते. ३५० व्होल्टला करंट सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे ४१ टक्क्यांनी. इन्सुलेशनचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. दहा वर्षे चालणारी मोटार अडीच वर्षांत का येते, ते यावरून कळावे.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत लघुदाब पुरवठ्याचे व्होल्टेज ६ टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली होऊ नये असे होते. म्हणजे ३९० च्या खाली नाही. डीपीपासून लांबच्या शेतात उन्हाळ्यात मीटर लावून पाहा, म्हणजे नियम आणि लाइन यांतले अंतर समजेल. पण यात आपलाही वाटा आहे. थ्री फेज आली रे आली की ऑटो स्विचमुळे डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढल्यावर व्होल्टेज कोसळते, एकही धड सुरू होत नाही, फ्यूज उडतो किंवा डीपी जाते आणि नवी डीपी येईपर्यंत सगळ्यांचीच केळी वाळते. स्टार्टरमध्ये टायमर बसवून प्रत्येकाने एकेक मिनिट पुढेमागे सुरू करायचे ठरवले तर खर्च किरकोळ आहे. ७.५ एचपीला सुमारे ३ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर लाइनवरचा करंट कमी होऊन टोकाच्या शेताला थोडे व्होल्टेज मिळते. मात्र एकट्याने लावून फायदा दिसत नाही. डीपीवरच्या सर्वांनी लावला तरच दिसतो, आणि म्हणूनच तो सहसा कोणी लावत नाही.

तीन फेजमधला फरक तर त्याहून घातक आहे. व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के असमतोल असला तर वाइंडिंगची तापवाढ सुमारे पावपट अधिक होते. एक फेज गेली तर काही मिनिटांत काम तमाम. सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून ठेवणारा किंवा 'कंडेन्सर टाकून' दोन फेजवर मोटार चालवणारा मनुष्य आपल्या वाइंडरची रोजी वाढवतो, स्वतःची नव्हे.

वाइंडर बंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. गिऱ्हाइकाच्या आग्रहाने काही जण 'लो व्होल्टेज' वाइंडिंग करून देतात, म्हणजे वेढे कमी आणि तार जाड. ३२० व्होल्टला ही मोटार खरोखर छान उचलते. पण तीच मोटार रात्री, लोड उतरल्यावर लाइन ४३०-४४० वर गेली की लोखंड चुंबकाने तुडुंब भरून करंट भलताच ओढते आणि पहाटेपर्यंत जळते. असे वाइंडिंग करून द्यायचेच असेल तर जास्त व्होल्टेजला बंद पाडणारा रिले सोबत द्यावा आणि बिलावर तसे लिहावे. न सांगता गेज एक नंबर हलका भरणे हा तर सरळ मापात मारण्याचा प्रकार आहे. तारेची जाडी १० टक्क्यांनी कमी झाली की रेझिस्टन्स आणि उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते.

सबमर्सिबलला हवा नव्हे, अंगावरून वाहणारे पाणी गार ठेवते. बोअरमध्ये ते आपोआप वाहते. तोच पंप रुंद विहिरीत आडवा टाकला की पाणी मोटारीला न शिवताच वर जाते. तेथे मोटारीवर पाइपाचे आवरण घालून पाणी तिच्या अंगावरून आणावे लागते. कोरडा चालला तर पाण्यावर फिरणारे बेअरिंग आधी जाते. ड्राय रन संरक्षण नसलेला पंप यावल तालुक्यात विकूच नये, असे आमचे मत आहे.

सौर पंपाचा उलटा हिशेब

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये आल्यापासून पॅनेल सर्वत्र दिसू लागले. ऊन जास्त म्हणजे पाणी जास्त, ही समजूत अर्धीच बरोबर आहे. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याचा पाटीवरचा आकडा २५ अंशांचा असतो आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के ताकद घटते. ४५ अंशांच्या हवेत काच व सेल ७० अंशांपर्यंत तापतात. ४५ अंशांचा फरक म्हणजे १८ टक्के घट, धुळीची घट वेगळी. पॅनेलखाली हवा खेळती ठेवावी, पहाटे काच धुवावी. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये.

केळीचे चेंबर

आता बागवान आणि केळी व्यापाऱ्यांसाठी. रायपनिंग चेंबरमध्ये केळी १६ ते १८ अंशांवर पिकवतात. १३ अंशांखाली गेली तर साल काळवंडते. चेंबरची मशीन आतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि बाहेर जितके गरम, तितके हे ओझे जास्त चढावर न्यावे लागते. बाहेरचे तापमान एका अंशाने वाढले की विजेचा खर्च साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढतो आणि मशीनची उचल घटते. जानेवारीत दहा टन ओढणारी मशीन मे महिन्यात दहा टन ओढणार नाही. त्यात व्यापारी दुपारी कापलेला, ४० अंशांचा माल आत भरतो. ४० वरून १७ वर आणायला २३ अंश उतरवावे लागतात. पहाटे कापलेला २८ अंशांचा माल ११ अंशच उतरवावा लागतो. म्हणजे काम निम्म्याहून कमी. मशीन बदलण्याआधी कापणीची वेळ बदलून पाहावी. पिकू लागलेली केळी स्वतःही उष्णता सोडते, म्हणून चेंबर ठासून भरू नये आणि पेट्यांमध्ये हवेला वाट ठेवावी.

बाहेरचा कंडेन्सर पश्चिमेच्या उन्हात किंवा भिंतीला चिकटून असेल तर तो आपलीच गरम हवा परत ओढतो. खानदेशातली मे महिन्याची हवा कोरडी असल्याने कंडेन्सरसमोर कूलरसारखा ओला वाळ्याचा पडदा चांगला उपयोगी पडतो. ४५ अंशांची कोरडी हवा त्यातून २८ अंशांच्या आसपास येऊ शकते. जुलैच्या दमट हवेत हाच पडदा जवळजवळ निकामी असतो, तो तेव्हा काढून टाकावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी थेट फिन्सवर फवारू नये. पांढरा थर बसला की एका हंगामात कंडेन्सर बुजतो.

मोठ्या यंत्रांनाही हेच लागू आहे. दीपनगरच्या वीज केंद्रात उन्हाळ्यात थंड करायचे पाणीच कोमट असते, कंडेन्सरमधली पोकळी कमी पडते आणि तोच कोळसा जाळून वीज थोडी कमी निघते. नेमकी त्याच वेळी आपले पंप, कूलर आणि चेंबर जास्त मागत असतात.

दुकानदार आणि वाइंडर बंधूंनी एक छापील चिठ्ठी करावी, असे आम्ही सुचवतो. पंप बसवताना तीवर पाच आकडे लिहावेत. पाण्याची पातळी किती फूट, तिन्ही फेजचे व्होल्ट, तिन्हींचे अँपिअर, ड्रम भरायला लागलेले सेकंद आणि तारीख. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक आपल्याकडे. मे महिन्यात तक्रार आली की तेच पाच आकडे पुन्हा घ्यावेत. पातळी उतरली असेल तर स्टेज वाढवायच्या, व्होल्ट पडले असतील तर लाइनकडे पाहायचे. पातळी आणि व्होल्ट पूर्वीचेच असून ड्रमला वेळ जास्त लागत असेल, तर आधी पाइप गळतो का ते पाहावे आणि मगच पंप खोलावा.