आधीच सांगितलेली अडचण

मुलांनो, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, हे तुम्ही वाचलेच असेल. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आली. तेथवर खाडीवरचा पूल आणि डोंगरातील बोगदे एवढ्यावर भागले होते. परंतु पुण्यास जावयाचे तर पुढे बोरघाट उभा!

जेम्स बर्कले हे त्या रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता होते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज धावते. पण चढण तीव्र झाली की तेच चाक जागच्या जागी घसरू लागते. गाडी ओढीत किती चढ झेपेल, याला त्या काळच्या इंजिनाची सीमा होती. बर्कले यांनी ती झाकली नाही. ३७ फुटांच्या चालीस १ फूट, याहून अधिक चढ त्यांनी घेतला नाही; आणि वाटेत एके ठिकाणी गाडी उलट फिरवावी लागेल, हे आराखड्यातच मांडले. तेथे गाडी थांबे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि शेपटाचे डबे पुढे होऊन गाडी वर निघे. ऐकावयास हे काही भूषणावह नव्हे! १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. ते पाहावयास बर्कले नव्हते; आदल्याच वर्षी ते निवर्तले. ही उलटापालट मात्र १९२९ पर्यंत चालली.

मी मुख्याध्यापक असताना डोंबिवलीच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आमच्या निकालपत्रकांसाठी संगणकाची आज्ञावली लिहून देण्याचे कबूल केले. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “सर, तुमच्या याद्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप चढविलेले असते. माझ्या आज्ञावलीला ती नावे वाचता येणार नाहीत. रूपांतर करावे तर जोडाक्षरे बिघडतात. सारी नावे पुन्हा टंकावी लागतील.”

खरे सांगतो, मला त्याचा राग आला. काम हाती घेण्यापूर्वीच हा नन्नाचा पाढा कशाला, असे वाटले. परंतु तो जून महिना होता. प्रत्येक वर्गशिक्षकाने रोज थोडीथोडी नावे टंकली आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी याद्या पुऱ्या झाल्या. हेच त्याने एप्रिलमध्ये सांगितले असते, तर निकालाच्या दिवशी तुमच्यासारखी मुले शाळेच्या दाराशी ताटकळत उभी राहिली असती.

पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. त्याने तोंड उघडण्यापूर्वीच मी कागद-पेन्सिल पुढे ओढली आणि म्हटले, “हं, आधी काय होणार नाही ते सांग.”