आकडा कोणत्या दप्तरातला

सन २०२३ च्या उन्हाळ्यात भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेकडील काही भातउत्पादकांनी आपला इंद्रायणी तांदूळ परमुलखात धाडण्याचा मनसुबा केला, आणि आमचे सारोळे पुणे-सातारा हमरस्त्यावर, नीरेच्या काठी, सर्वांना सोयीचे पडत असल्याने त्यांची बैठक आमच्या ओसरीवर भरू लागली. एका निर्यात-सल्लागाराने घसघशीत मोबदला घेऊन दिलेला अहवाल त्यांना वाचून दाखविण्याचे काम तेव्हा माझ्याकडे आले. अहवाल देखणा होता. त्याचा इत्यर्थ असा की, सौदी अरेबिया व इराण भारताकडून इतका तांदूळ उचलतात, तेव्हा इंद्रायणीला तेथे गिऱ्हाईक ठेवलेलेच आहे. त्यातले आकडे खोटे नव्हते, आणि खरी मेख तीच होती.

आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक जिनसेला संकेतांक असतो. १९८८ पासून अमलात असलेल्या या पद्धतीत पहिले सहा अंक जगभर समान असतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ या दप्तरात देशोदेशींची तुलना होते ती या सहा अंकांपर्यंतच. सडीक तांदूळ १००६३० या अंकाखाली मोडतो; म्हणजे बासमती, उकडा आणि आमची इंद्रायणी अशी सर्वांची रास एकाच कणगीत. आपल्या सरकारने त्यापुढे दोन अंक जोडून उकड्याला १०, बासमतीला २० आणि उरलेल्या सगळ्यांना ९० असा तोडगा तेव्हा काढलेला होता, आणि वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात माहितीकोशात ही आठ अंकी फोड कोणासही विनामूल्य पाहता येत होती. ती पाहताच सौदी व इराणची रास बहुतांशी बासमतीची निघाली. बिगरबासमतीचे मोठे गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेत. त्यांत बेनिनचे नाव ठळक, परंतु तेथे उतरणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा सीमा ओलांडून नायजेरियात जातो, हे बंदराच्या नोंदीत कोठून दिसावे? विकसनशील देशांच्या बाबतीत माल उतरला कोठे आणि शिजला कोठे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

दोन देशांचे आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच लबाडीचा संशय घेऊ नये. आपले वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचे बहुधा जानेवारी ते डिसेंबर. विकणारा जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत लिहितो, घेणारा त्यात भाडे व विमा मिळवतो. ‘विकसनशील’ ही पदवीदेखील जागतिक व्यापार संघटनेत ज्याची त्याने घ्यायची असते. ‘अल्पविकसित’ देशांची यादी मात्र संयुक्त राष्ट्रे ठरवितात. तेव्हा तक्ता वाचण्याआधी त्याच्या तळटिपा वाचाव्यात, मग त्या कितीही बारीक टाइपात असोत.

भावाआधी नियम पाहावा, हे माझे मत तर ठाम आहे. भातावरील करपा रोगासाठी आपल्याकडे ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक फवारतात. युरोपीय संघाने २०१८ पासून तांदळातील त्याच्या अंशाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली. एवढ्या एका ओळीने युरोपचे दार आपल्यासाठी उघडे की बंद ते ठरते, आणि अहवालात ती ओळ नव्हती. अशा अटींची चौकशी शेतमाल-निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या सरकारी संस्थेकडे करावी. ज्याला पुण्यात चार दिवस काढता येत असतील त्याने गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय गाठावे; १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेत संयुक्त राष्ट्रांची प्रकाशने ठेवलेली आहेत, आणि १९६४ साली जन्मलेल्या ‘अंक्टाड’ या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास परिषदेचे अहवाल वाचल्यावर गरीब देशांच्या व्यापाराकडे सल्लागाराच्या चष्म्यातून पाहण्याची गरज उरत नाही. तेथील ग्रंथपालांना नेमका प्रश्न घालावा. ‘निर्यातीविषयी काही द्या’ म्हणणाऱ्याला कोणीही काहीच देऊ शकत नाही.

इकडे नमुन्याच्या पिशव्या शिवून होतात न होतात तोच, २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना मूळ स्वरूपात, तारीखवार वाचण्याची सवय मला लागली ती तेव्हापासून. मंडळींनी इंद्रायणी पुण्याच्या पेठांतच विकली. बंदी उठली सप्टेंबर २०२४ मध्ये, टनामागे ४९० डॉलरच्या किमान भावाची अट घालून. ती अटही पुढच्याच महिन्यात गेली. सल्लागारमहाशयांनी तोवर हळदीचा अहवाल काढला होता, असे कळते.