गंज, विळा आणि रक्त

पावसाळ्यांत पानमळ्याच्या बांधावर विसरलेला विळा दसऱ्यापर्यंत तांबूस होतो, हें अंजनगांव सुर्जीच्या विद्यार्थ्यांस नव्यानें सांगावयास नको. लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आले कीं गंज चढावयाचाच. परंतु हेच तिघे आपल्या रक्तांत अहोरात्र एकत्र नांदत असतां रक्त कां गंजत नाहीं, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो.

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत लोह अवघें ३ ते ४ ग्रॅम असतें, व त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग हिमोग्लोबिन या प्रथिनांत गुंतलेला असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती विशिष्ट रीतीनें दुमडून तिची नेमकी घडी बसली, तरच तें कामाचें. हिमोग्लोबिनच्या चार माळांपैकीं प्रत्येकीच्या घडींत एक खिसा असून त्यांत लोहाचा एक अणु बसलेला असतो. हा खिसा पाण्यास सहसा आंत येऊं देत नाहीं. म्हणून लोह प्राणवायु धरतें व सोडतें, पण गंजत नाहीं. गंजापासून रक्षण करणारी ती घडीच होय!

तरीहि रोज थोडी चूक होतेच. कांहीं अणु गंजतात व त्यांतून प्राणवायूचीं दाहक रूपें निर्माण होतात. त्यांना मोकळें लोह भेटलें तर अनर्थ अधिक. ही क्रिया फेंटन या रसायनशास्त्रज्ञानें १८९४ सालीं वर्णिली. तिच्यांतून निघणारा कण जवळच्या प्रथिनावर आघात करून त्याची घडी विसकटतो. म्हणून पेशी जादा लोह फेरिटिन नांवाच्या २४ तुकड्यांच्या पोकळ डबींत कोंडून ठेवते. एका डबींत सुमारें ४,५०० अणु मावतात. इतर पेशी बिघडलेलें प्रथिन टाकून नवें घडवितात. तांबड्या पेशीस केंद्रकच नसल्यानें तिला १२० दिवस जुन्याच सामग्रीवर काढावे लागतात.

आतां आपल्या विदर्भांत आढळणारा सिकलसेल आजार घ्या. १४६ अमिनो आम्लांच्या माळेंतील सहावें तेवढें बदललेलें असतें, हें इंग्रॅमच्या संशोधनानें उलगडलें. घडी बहुतांशीं शाबूत राहते. पण प्राणवायु सुटला कीं हे रेणु एकमेकांस चिकटून दांड्या बनतात व पेशी विळ्यासारखी वांकते. शिवाय हें हिमोग्लोबिन लौकर गंजतें, आणि खिशांतून निसटलेलें लोह पेशीच्या आवरणास चिकटून तेंहि जाळतें. अशी पेशी दहावीस दिवसांतच फुटते.

रोगी फिकट दिसतो, म्हणून घरचीं माणसें आपल्या मनानेंच लोहाच्या गोळ्या देतात. लोहाच्या उणिवेमुळें झालेल्या पंडुरोगांत त्या अवश्य हव्यात; येथें मात्र फुटलेल्या पेशींतील लोह शरीरांतच राहिलेलें असतें. त्यांत रक्त चढविलें तर प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतें, आणि शरीर दिवसाकांठीं एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकूं शकतें. उरलेलें यकृतांत व हृदयांत सांचतें. म्हणून गोळीपूर्वीं रक्ताची तपासणी हवी.

आई व बाप दोघेहि केवळ वाहक असले, म्हणजे स्वतः निरोगी असले, तरी प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. प्राथमिक चाचणी सोपी आहे: द्रावणांत रक्ताचे थेंब टाकून नळीमागें छापील ओळी धरावयाच्या. ओळी दिसल्या नाहींत तर रक्त पुढील परीक्षेस पाठवितात, व मनुष्य वाहक आहे कीं रोगी, हें तेथें ठरतें.